लाखामागे

सांता फेच्या तिसऱ्या मजल्यावर
माझं काम रंग भरायचं.
राज्यातल्या सगळ्या काउंट्या, कोऱ्या,
आणि एका रकान्यात वर्षभरात पळवलेल्या गाड्या.
लोकसंख्येने भागा, लाखाने गुणा,
पन्नासच्या खाली पांढरा, दीडशेच्या वर गडद तांबडा.
बास. एवढंच.

अल्बुकर्कीचा रंग मी न बघताच भरते.
तिथल्या नोंदी पोत्याने ओतल्यासारख्या येतात :
पांढरी किया, पांढरी किया, राखाडी ह्युंदाई,
अपार्टमेंटमागची जागा, पहाटे चार ते सहा,
पांढरी किया.

यंदा मात्र पूर्वेच्या गवताळ पठारावर
सॅन व्हिदाल काउंटी
अचानक वणवा लागल्यासारखी.
गेल्या वर्षी पांढरी होती. त्याच्या आदल्या वर्षीही.
युसेबियोने शेजारून मान लांबवली,
म्हणाला, दशांशचिन्ह सरकलं असेल.
सरकलं नव्हतं.
चोरी : एक.
माणसं : सहाशे बारा.
दर : लाखामागे एकशे त्रेसष्ट पूर्णांक चार.

लाख माणसं त्या पठाराने कधी पाहिली नाहीत.
लाख गाई पाहिल्या असतील, विकल्या असतील.
पण सूत्राला लाखच लागतात,
म्हणून ते त्या सहाशे बारांच्या मागे
नसलेली नव्व्याण्णव हजार तीनशे अठ्ठ्याऐंशी माणसं
रांगेत उभी करतं
आणि त्यांच्याही गाड्या चोरतं.

टीव्हीवाल्या पोराचा फोन आला :
सॅन व्हिदालमध्ये टोळी शिरलीय का?
बघून सांगते, म्हटलं,
आणि तक्रारीवरचा नंबर फिरवला.

ओफेलिया त्रुहियो, वय एकोणऐंशी.
उचलल्या उचलल्या बोलायलाच लागली,
फोनच्या उशाशीच बसून असावी तशी.
ट्रक चौऱ्याण्णवचा. फोर्ड. हिरवा.
डावं दार आतून उघडत नाही,
काच खाली करून हात बाहेर घालावा लागतो.
ज्याने नेला त्याला हे कुणी सांगितलं असेल, बिचाऱ्याला?
किल्ली? किल्ली गाडीतच.
इथे सगळ्यांच्याच गाडीत असते, पोरी.
कुणाचं घोडं आडवं पडलं, कुणाला कळा सुरू झाल्या,
तर जी जवळ असेल ती गाडी घ्यायची,
तेल भरून जागेवर आणून लावायची.
एवढाच कायदा.

सापडला का?
सापडला की. अकराव्या दिवशी,
चाळीस मैलांवर, कोरड्या ओढ्यात.
चाकं गेली, रेडिओ गेला,
कुत्र्याची घोंगडी घडी घालून ठेवलेली.
माझ्या तक्त्यात सापडलेल्यांसाठी रकाना नाही.
घडीसाठी तर नाहीच.

मग तिनेच विचारलं, आमचा रंग कुठला आला?
तांबडा, म्हटलं. दाराशी टांगलेल्या मिरच्यांसारखा.
ती खुदकन हसली.
या राज्यात कुठल्याही हॉटेलात बसा, पहिला प्रश्न एकच :
लाल की हिरवी?
ट्रक हिरवा, म्हणाली, नकाशा लाल.
दोन्ही वाढ.

आणि फोन ठेवता ठेवता :
बेनाविदेसच्या मुलाने किल्ली काढून घेतलीय गाडीतली.
ते बघून समोरच्या सांदोवालनेही.
मीसुद्धा. ट्रकला चाकं नाहीत माझ्या,
पण किल्ली पिठाच्या डब्यात असते आता.
परवा रात्री दोनला कुणीतरी दार वाजवत होतं.
मी दिवा लावला नाही.

याला कुठला रंग द्यायचा
ते सूत्रात नाही.

टीव्हीवाल्याला कळवलं, टोळी नाही, एकच ट्रक.
मग बातमी नाही, तो म्हणाला, आणि खरंच बोलला.
पुढच्या वर्षी सॅन व्हिदाल पुन्हा पांढरी होईल,
मीच करीन, एका क्लिकमध्ये.

संध्याकाळी खाली आले,
स्टीअरिंगला अडकवलेला लोखंडी दांडा काढला,
आत बसले, दार लावून घेतलं,
आणि ते आतून उघडतं ना,
उगाच एकदा बघितलं.